बांधावरचा जुना गावरान आंबा: मुळापासून शेंड्यापर्यंत कसा सांभाळावा

जुना आंबा वाळायला लागला की आपली नजर वर जाते, शेंड्यांकडे, पानांकडे, मोहोराकडे. कारण मात्र बहुतेक वेळा बुंध्यापासून वीस-तीस फुटांवर जमिनीत असतं आणि ते तीन-चार वर्षांपूर्वीच घडून गेलेलं असतं. विहिरीवरून आणलेल्या पाइपलाइनचा चर, बांध कोरत आत सरकलेला रोटाव्हेटर, मुळ्यांवर फूटभर ओतलेला गाळ. मोठ्या झाडाच्या खोडात आणि जाड मुळ्यांत अन्नाचा साठा असतो, त्यावर ते दोन-तीन हंगाम रेटून नेतं. त्यामुळे चर खणला त्या वर्षी काहीच दिसत नाही, आणि पुढे शेंडे वाळले की दोष किडीला नाहीतर हवामानाला जातो.

नाशिक जिल्ह्यात बांधावर, विहिरीपाशी, गोठ्यामागे असे पन्नास-शंभर वर्षांचे गावरान आंबे अजून पुष्कळ आहेत. कुणाचा शेपू, कुणाचा गोटी, कुणाचा खोबऱ्या, कुणाचा नुसताच लोणच्याचा. हा लेख त्यांच्यासाठी आहे. केशरच्या घन लागवडीचं वेळापत्रक या झाडांना लावू नका. तिथे दर वर्षी उत्पन्न काढायचं असतं, इथे झाड टिकवायचं असतं, आणि ही दोन कामं काही ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध जातात.

पहिलं काम: घेर मोजा आणि मुळ्यांची हद्द आखा

जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाला टेप गुंडाळून घेर मोजा. झाड उतारावर असेल तर वरच्या बाजूने मोजा. आलेल्या आकड्याला पाचाने गुणा. तेवढ्या फुटांच्या त्रिज्येत या झाडाच्या कामाच्या मुळ्या आहेत असं समजून चाला. म्हणजे १० फूट घेराच्या आंब्याची हद्द बुंध्यापासून ५० फुटांपर्यंत जाते. फांद्यांचा विस्तार त्याहून कमी असला तरी हीच हद्द धरा, मुळ्या सावलीच्या बाहेर बऱ्याच लांब जातात.

आता हिशेब करा. ५० फूट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साडेसात हजार चौरस फुटांहून जास्त, सात गुंठ्यांच्या वर. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात एका झाडाला सात गुंठे कुणी सोडत नाही, सोडावेत असा आग्रहही नाही. म्हणून हद्दीचे तीन पट्टे करा आणि प्रत्येकाला वेगळा नियम लावा.

आतला पट्टा घेराच्या दीडपट, म्हणजे आपल्या उदाहरणात १५ फूट. हा पाऊण गुंठाही होत नाही. इथे नांगर नाही, कुळव नाही, ट्रॅक्टरचं चाक नाही, गुरं बांधायची नाहीत, काही साठवायचं नाही. यात तडजोड करू नका.

मधला पट्टा घेराच्या तिप्पट, म्हणजे १५ ते ३० फूट. इथे पीक घ्या, पण मशागत तीन-चार इंचांपेक्षा खोल नको. पलटी नांगर आणि रोटाव्हेटर इथे येता कामा नये. हलकी वखरपाळी चालते. घास किंवा दुसरा चारा घेतला तर उत्तम, कारण जमीन वारंवार उलटावी लागत नाही. सावलीत कांदा पोसत नाही हे शेतकऱ्याला माहीत असतंच, तरी दोन वाफे जास्त निघतात म्हणून तो बुंध्यापर्यंत लावला जातो. मिळतो गोण्या-दोन गोण्यांचा माल आणि तुटतात मुळ्या.

बाहेरचा पट्टा ३० ते ५० फूट. इथे नेहमीची मशागत करा, फक्त चर, शेततळं आणि पाया टाळा.

तिन्ही पट्ट्यांच्या कडेला चुन्याची फक्की मारून किंवा दगड लावून खुणा करा. ट्रॅक्टरवाला भाड्याचा असतो, तुम्ही शेतावर नसलात तरी त्याला खूण दिसली पाहिजे.

जमीन: सगळ्यात मोठं काम इथे आहे

आंब्याचं सोटमूळ खोल जातं म्हणून वरची जमीन कशीही वापरली तरी चालते, हा समज महागात पडतो. पाणी आणि अन्न शोषणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांशी वरच्या दोन फुटांत असतात, त्यातही पहिल्या फुटात जास्त. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या जमिनीत ओल असताना ट्रॅक्टर फिरला की मातीतली पोकळी दाबली जाते आणि ती आपोआप लवकर सुटत नाही.

तपासायला हात-दीड हात लांबीचा, बोटाएवढा जाड लोखंडी गज घ्या. पाऊस पडून दोन-तीन दिवसांनी जमीन वाफशावर आली (चिखल नाही, पण ओल टिकून आहे) की आतल्या पट्ट्यात दहा ठिकाणी आणि शेजारच्या न तुडवलेल्या बांधावर दहा ठिकाणी तो हाताने दाबा. बांधावर गज नऊ इंच जातो आणि झाडाखाली तीन इंचांवर अडतो, तर जमीन घट्ट झाली आहे. अशी जमीन नांगरून मोकळी करायला जाऊ नका, मोकळी होण्याआधी मुळ्या तुटतील. तिच्यावर आच्छादन घाला आणि गांडुळांना काम करू द्या. दोन-तीन पावसाळे लागतात.

आच्छादनासाठी वेगळा खर्च नको. आंब्याचा स्वतःचा पाला, उसाचं पाचट, आणि नाशिकच्या बागायती पट्ट्यात एप्रिल व ऑक्टोबरच्या छाटणीनंतर निघणाऱ्या द्राक्षाच्या काड्या. काड्या तुकडे करून घाला, अख्ख्या टाकल्या तर थर बसत नाही आणि उंदीर घर करतात. थर चार इंचांचा. १५ फुटांच्या आतल्या पट्ट्याला साधारण सव्वादोन ब्रास माल लागतो. तो दर वर्षी खाली बसतो, तेव्हा पावसाळ्यापूर्वी दीड-दोन इंचांची भर घालत राहा. बुंध्याला मात्र आच्छादन टेकवू नका, सगळीकडून फूटभर जागा मोकळी ठेवा. सालीला सतत ओल राहिली की ती कुजते आणि वाळवीलाही आयता आडोसा मिळतो. लाकडी चुऱ्याने जमिनीतलं नत्र खेचलं जातं ही भीती तो मातीत मिसळला तर खरी आहे, वर पसरला तर नाही.

गाळाबद्दल वेगळं सांगायला हवं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेनंतर तलावांचा गाळ शेतात टाकणं सर्रास झालं आहे, आणि पिकाच्या जमिनीला त्याचा फायदाही होतो. पण ट्रॉलीवाले झाडाखाली ढीग करतात आणि मग तो तिथेच पसरला जातो. चिकण गाळाचा फूटभर थर म्हणजे खालच्या मुळ्यांची हवा बंद. मधल्या पट्ट्यात दोन इंचांहून जास्त नको, आतल्या पट्ट्यात मुळीच नको. आधीच पडला असेल तर फावड्याने, हलक्या हाताने, जुनी जमीन लागेपर्यंत ओढून काढा. जेसीबी लावलात तर गाळाबरोबर मुळ्याही निघतील.

पार हाही याच जातीचा प्रश्न आहे. झाडावरच्या प्रेमाने बुंध्याभोवती दगडी किंवा सिमेंटचा ओटा बांधतात आणि आत दीड-दोन फूट माती भरतात. बुंध्याची साल मातीत राहण्यासाठी नसते, तिथून कूज सुरू होते आणि ती बाहेरून दिसतही नाही. बसायला जागा हवी तर बुंध्यापासून पाच फूट सोडून, सिमेंट न वापरता, सुट्या दगडांची बैठक रचा. पाया खणू नका, आत माती भरू नका. जुना पार असेल तर एकदम फोडायचा नाही. आधी बुंध्याला लागलेली माती फूटभर रुंदीत हाताने काढून मूळ फाकतात ती जागा उघडी करा. मातीत नव्या मुळ्या फुटलेल्या दिसल्या तर बोटापेक्षा जाड मुळ्या राखा आणि बाकीची माती दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवा.

चर, पाइपलाइन, विहीर

बुंध्यापासून दहा फुटांवरून सरळ तीन फूट खोल चर गेला की त्या बाजूच्या शोषक मुळ्या जवळजवळ सगळ्या जातात. शिवाय त्या बाजूचा आधारही सुटतो, वळवाच्या वाऱ्यात असं झाड उलटू शकतं. पाइपलाइनला वळसा द्या. पन्नास-साठ फूट जास्त पाइपाचा खर्च जुन्या आंब्याच्या एका हंगामाच्या कैऱ्यांतही निघू शकतो.

वळसा शक्यच नसेल तर मशीन बाजूला ठेवून हाताने खणा. एक इंचापेक्षा जाड मूळ तोडू नका, त्याच्या खालून पाइप सरकवा. बारीक मुळ्या तोडाव्याच लागल्या तर करवतीने किंवा धारदार सिकेटरने सरळ कापा, कुदळीने चिरफाळलेलं टोक कुजत जातं. चर त्याच दिवशी त्याच मातीने बुजवा. मेच्या उन्हात उघड्या पडलेल्या बारीक मुळ्या काही तासांत वाळतात.

पाणी

ठिबक आल्यावर जिल्ह्यातल्या जुन्या बांधावरच्या झाडांचं एक नुकसान झालं, त्याची चर्चा फारशी होत नाही. पाटाने पाणी द्यायचे तेव्हा दांडातून पाझरणाऱ्या पाण्यावर ही झाडं उन्हाळा काढायची. ठिबकने पिकाला मोजून पाणी मिळतं, बांध कोरडा राहतो. शेत ठिबकवर गेलं आणि दोन-तीन वर्षांत बांधावरचा आंबा वरून विरळ झाला, तर पहिला संशय यावर घ्या.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे पावसाळ्याचं पाणी भरपूर असतं, तिथे जुन्या झाडाला बहुधा काही द्यावं लागत नाही. सिन्नर, येवला, नांदगावकडे पाऊस कमी झालेल्या वर्षी मार्च ते मे महिन्यातून एकदा भरपूर पाणी द्या. रोज थोडं थोडं नको, ते वरच्या दोन इंचांतच उडून जातं. किती द्यायचं याचा हिशेब सोपा आहे: १५ ते ३० फुटांच्या मधल्या पट्ट्याचं क्षेत्र सुमारे १९७ चौरस मीटर, त्यावर २५ मिलिमीटर पाणी म्हणजे पाच हजार लिटरच्या आसपास, एक छोटा टँकर. पाणी या पट्ट्यात सोडा. बुंध्याशी आळं करून पाणी भरण्याची सवय रोपांसाठी ठीक आहे, जुन्या झाडाच्या बुंध्याशी शोषणाऱ्या मुळ्या फारच थोड्या असतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर पाणी बंद ठेवा. या काळातल्या ताणानेच मोहोर धरतो, पाणी मिळालं तर झाड नवी पालवी काढत बसतं. फळं वाटाण्याएवढी झाल्यावर पाणी सुरू करा.

याच्या उलटा प्रकारही होतो. शेजारी अस्तर नसलेलं शेततळं झालं आणि झाडाखालची जमीन बारमाही ओली राहू लागली, तर मुळ्या कुजतात. पानं पिवळी पडून गळतात, लोक पाण्याची कमी समजून आणखी पाणी देतात. आधी फूटभर खणून मूठभर माती हातात घ्या. दाबल्यावर पाणी सुटत असेल किंवा कुबट वास येत असेल तर निचऱ्याची सोय करा, तोही चर हद्दीच्या बाहेरून काढून.

खत

थोडक्यात उरकू. पूर्ण कुजलेलं शेणखत ५० किलोपर्यंत, पहिल्या चांगल्या पावसानंतर, मधल्या पट्ट्यात जमिनीवर पसरून. चर खणून खत गाडण्याची पद्धत जुन्या झाडाला नको. कच्चं शेणखत टाकलं तर हुमणी येते. युरियाने जुन्या झाडाला हिरवेगार लांब धुमारे फुटतात आणि ते तुडतुड्यांना आवडतात, याखेरीज हाती काही लागत नाही. मोहोर आणण्यासाठी कल्टार (वाढ रोखणारं रसायन) वापरायचं असेल तर ते तरुण, सशक्त बागेत. थकलेल्या झाडाची वाढ आणखी रोखणं त्याला परवडत नाही.

आग

फेब्रुवारी ते एप्रिल बांध पेटवायचा हंगाम. सालीखालचा जिवंत थर साधारण ६० अंश सेल्सिअसला मरतो आणि वाळलेल्या गवताची आग त्याच्या कितीतरी पुढे जाते. एका बाजूने भाजलेलं खोड लगेच मरत नाही, साल वर्षभराने सुटते, मग तिथे भिरूड (खोड पोखरणारी कीड) शिरते आणि पुढे पोकळी होते. बांध पेटवायची वेळ येण्याआधी, म्हणजे जानेवारीतच, झाडाभोवती दहा फूट रुंदीचं गवत कापून बाजूला न्या. ते आच्छादनाच्या कडेला लागून असेल तर आच्छादन आणि गवत यांच्यात तीन फुटांचा उघडा पट्टा ठेवा, कारण आच्छादनही पेटतं. घाटमाथ्यावर राब भाजताना (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर फाटा-पाला जाळताना) झाडाच्या सावलीत राब करू नका आणि राबासाठी जुन्या झाडाचा फाटा दर वर्षी उतरवू नका. वरचेवर ओरबाडलेल्या झाडाला साठा करायला पानंच उरत नाहीत.

झाडावर काय काढायचं, काय राहू द्यायचं

बांडगूळ काढायचं. हिवाळ्यात, त्याची फळं पिकण्याआधी. फुलटोच्या पक्षी ही चिकट फळं खातो आणि बिया दुसऱ्या फांदीवर पुसून जातो, तिथे नवं बांडगूळ रुजतं. नुसतं ओढून तोडलं तर त्याची मुळी फांदीच्या आत राहते आणि पुन्हा फुटते. फांदी मनगटाएवढी किंवा त्याहून बारीक असेल तर बांडगुळाच्या गाठीच्या दीड फूट खालून (बुंध्याच्या बाजूला) फांदीच कापा. जाड फांदीवर किंवा खोडावर असेल तर फांदी कापू नका. बांडगूळ सालीबरोबर छाटा आणि दर सहा महिन्यांनी फुटवे मोडत राहा, दोन-तीन वर्षांत ते थकतं.

बेचक्यात उगवलेला पिंपळ, वड किंवा उंबर बोटाएवढा असतानाच उपटा. मनगटाएवढा झाला की तो निघत नाही.

सालीवरचं दगडफूल, शेवाळ, आणि घाटमाथ्याकडे दिसणारी सीतेची वेणी किंवा इतर आमरी (ऑर्किड) यांना हात लावू नका. त्या झाडातून काही शोषत नाहीत, सालीचा फक्त आधार घेतात. सफाईच्या नावाखाली साल खरवडली की जखमा होतात, आणि जखमांतच भिरूड अंडी घालते.

खोडावरची वाळवीची मातीची पापडी पाहून घाबरायला नको. वाळवी बहुधा मेलेली साल आणि वाळकं लाकूड खाते. पापडी हाताने झाडून खालची साल पाहा. ती जिवंत असेल तर काम संपलं. मेलेली असेल तर ती का मेली ते शोधा.

रुतलेली तार, खिळे, वायर: वर असेल तेवढं काढा. साल तिच्यावर चढली असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा आतच राहू द्या आणि पुढे करवत लावणाऱ्याला ती जागा दाखवा.

भिरूड

आंब्याचा खरा शत्रू हा. करडा-तपकिरी, लांब शिंगांचा भुंगेरा पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेर येतो आणि सालीच्या भेगांत, जखमांत अंडी घालतो. अळी आत शिरून महिनोन्‌महिने लाकूड पोखरते. ओळख म्हणजे भोकातून पडलेला लाकडाचा भुसा आणि काळसर रस. फांदीची एकच बाजू अचानक वाळली तर खाली भुसा शोधा.

भुसा ताजा असेल, म्हणजे फिकट आणि ओलसर, तरच अळी आत आहे. भोक पाण्याने धुऊन मोकळं करा, सायकलचा स्पोक टोकाला वाकवून आत घाला आणि अळी ओढून काढा किंवा तिथेच टोचून मारा. तारेला पांढरा चिकट द्रव लागला म्हणजे काम झालं. अळी लागत नसेल तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवून भोक ओल्या चिकणमातीने बंद करा. त्या वेळी जवळ विडी-काडी नको. आठवड्याने पाहा. माती फोडून पुन्हा भुसा आला असेल तर परत करा. पूर्वी सगळीकडे डायक्लोरव्हॉस वापरायला सांगत, ते भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. दुकानाच्या मागच्या फळीवरची जुनी बाटली घेऊ नका.

प्रतिबंध म्हणून बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावतात, मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. द्राक्षवाल्या जिल्ह्यात बोर्डो शिकवणं म्हणजे आगाऊपणाच, तरी प्रमाण लिहून ठेवू: एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. निवल्यावर एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. स्वच्छ लोखंडी पातं बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर थोडा चुना वाढवा. त्याच दिवशी वापरा. पेस्ट बुरशीसाठी आहे, आत बसलेल्या अळीला तिचं काही होत नाही.

छाटणी: हात आखडता ठेवा

जुनं झाड वरून विरळ होऊन खाली नवा डेरा धरतं, ते मरतंच आहे असं नाही. त्याला पूर्वीइतक्या उंचीवर पाणी चढवणं झेपत नाही, म्हणून ते स्वतःला आटोपतं घेतं. खालच्या भागात खोडावर, जाड फांद्यांवर नवे फुटवे दिसत असतील तर ते शुभ समजा. हे फुटवे ‘रस खातात’ म्हणून साफ केले जातात, आणि नेमकी हीच सर्वांत मोठी चूक. उद्याचा डेरा त्यांचाच होणार आहे.

वाळलेली फांदी खाली घर, गोठा, रस्ता किंवा वीजतार असेल तरच काढा. मोकळ्या शेतावर असेल तर राहू द्या. सुतार पक्षी तिथेच अळ्या शोधतो आणि पिंगळा ढोलीत राहतो.

जिवंत फांदी कापायचीच असेल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. त्या बाजूचा मोहोर त्या वर्षी कमी येईल, हे धरूनच चाला. एका वर्षात हिरव्या डेऱ्याचा दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. चार इंचांपेक्षा जाड जिवंत फांदी शक्यतो कापू नका, तेवढी जखम जुनं झाड वेळेत झाकू शकत नाही. शेंडा सरसकट छाटून झाड ‘बसवणं’ तर नकोच. लांब फांदी हलकी करायची तर तिच्या टोकाकडचा भाग, खाली सशक्त उपफांदी फुटते तिथपर्यंत मागे आणा.

कापण्याची रीत तीन कापांची. पहिला काप खोडापासून दीड फुटावर, खालून वर, फांदीच्या पाव जाडीपर्यंत. दुसरा काप त्याच्या दोन इंच पुढे, वरून खाली, फांदी पडेपर्यंत. पहिला काप नसेल तर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडत नेते. तिसऱ्या कापाने उरलेलं खुंट काढायचं, पण खोडाला घासून नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचं फुगीर कडं असतं, त्याच्या लगेच बाहेर कापा. झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात हे खोडं उभी चिरून दाखवलं. ते फुगीर कडं त्या भिंतीची जागा आहे, तेच कापलं तर कूज थेट खोडात उतरते. हातभर लांब खुंट ठेवलं तरी वाईट, ते मरतं आणि आत कुजत जातं.

कापावर डांबर किंवा ऑइलपेंट लावू नका. त्याखाली ओल कोंडते. पावसाळी भागात दोन इंचांहून मोठ्या कापाला बोर्डो पेस्टचा एक हात द्या, बाकी उघडं राहू द्या.

कामाला चढण्याआधी आग्या मोहोळ आहे का ते दुर्बिणीने किंवा निदान नीट लक्ष देऊन पाहा. असेल तर काम पुढे ढकला. वीजतार दहा फुटांच्या आत असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय फांदीला हात लावू नका. कमरेला दोर, डोक्यावर हेल्मेट, आणि फांदीला वेगळा दोर बांधून सावकाश उतरवणारा दुसरा माणूस खाली हवा. आंब्याच्या चिकाने कातडी भाजते, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

ढोली, टेकू आणि धोका ओळखणं

पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड नव्हे. खोडाचं मधलं लाकूड तसंही मेलेलंच असतं. ढोबळ नियम असा की सभोवार शाबूत लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असली तर नळी भक्कम आहे. लाकडी हातोड्याने खोड चहूबाजूंनी ठोकून आवाज ऐका आणि पोकळ वाटणाऱ्या जागी खडूने खूण करा. ढोलीत सिमेंट भरू नका. झाड वाऱ्यात वाकतं, सिमेंट वाकत नाही, त्यामुळे कडेचं शाबूत लाकूड घासून निघतं आणि फटीत पाणी साचतं. पाणी बाहेर काढायला खाली भोकही पाडू नका, त्याने आतली भिंत फुटते.

आडव्या लांब फांदीला टेकू द्यायचा तर सागाचं किंवा लोखंडी बेचकं, खाली सपाट मोठा दगड, वर ट्रकच्या ट्यूबचा दुमडलेला तुकडा. टेकू ठोकून घट्ट बसवू नका, फांदी नुसती टेकली पाहिजे. तारेचा फास कधीच नको.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र वेळ घालवू नका: वाऱ्याच्या बाजूला जमिनीत कमानीसारखी भेग, बुंध्याजवळ माती उचललेली, दोन फांद्यांच्या बेचक्यात खाली उतरणारी ताजी चीर, बुंध्याला आलेली कठीण, थरांची, लाकडासारखी आळंबी. आळंबी तोडून टाकल्याने काही साधत नाही, बुरशी आत असते. अशा वेळी आधी झाडाखालचा वावर हलवा. गोठा, ट्रॅक्टर, बाज. मग जाणकार बोलवा. दर वळवानंतर एक फेरी, आणि दर वर्षी जानेवारीत एकाच जागेवरून एक फोटो, एवढं केलं तरी डेऱ्यातला बदल वेळेत कळतो.

झाड काढण्यावाचून इलाज नाही असं ठरलं तर कायदा पाहा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा आहे, तसेच चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, फणसही. स्वतःच्या सातबाऱ्यावरचं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. जमीन महापालिका हद्दीत असेल तर १९७५ चा नागरी भागातला वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं.

याच झाडाचं कलम

गावरान आंब्याची कोय लावली तर येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही. चव टिकवायची तर कोय कलम करा, आणि झाड धडधाकट असतानाच करा. जूनमध्ये कोणत्याही जोमदार गावरान आंब्याच्या ताज्या कोयी पिशव्यांत लावा. जुन्या झाडावरच्या तीन-चार महिन्यांच्या, मोहोर न आलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड शेंड्याकडच्या काड्या निवडा आणि कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं देठ ठेवून छाटा, म्हणजे डोळे फुगतात. रोप उगवून १०-१५ दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना, कोयीच्या वर तीन-चार इंचांवर कापा आणि मधोमध दीड इंच चीर द्या. चार-सहा इंचांच्या काडीला खाली तेवढ्याच लांबीची पाचर करून चिरेत बसवा, निदान एका बाजूची साल सालीला जुळली पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा आणि सावलीत ठेवा.

पुष्कळशी कलमं जातात, म्हणून एका झाडाची वीस तरी करा. जोडाखाली कोयीकडून येणारे फुटवे दर आठवड्याला मोडा, नाहीतर काडी मरते आणि वाढतं ते खालचं रोप. पट्टी दोन-तीन महिन्यांनी सोडा. पुढच्या वर्षी जून-जुलैत जुन्या झाडाच्या हद्दीबाहेर, म्हणजे पन्नास फुटांच्या पलीकडे, तीन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात लावा. जुन्याच्या सावलीत लावलेलं कलम उंच, बारीक आणि एका अंगाला झुकलेलंच वाढतं. दोन कलमं स्वतःकडे ठेवा आणि दोन शेजारच्या शिवारात कुणाला तरी द्या, जातीचं नाव पत्र्याच्या पट्टीवर कोरून.